हौदाचे दोन नळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र चिडकं होतं, पण मुद्द्याचं होतं. कोरोनात गणितवाल्यांचे आकडे इतके चुकले, मग साथीच्या रोगांत या लोकांचं काम तरी काय, असं तू विचारलंस. त्या अंदाजांची बाजू मी घेणार नाही. वाढत्या रुग्णांचा आकडा ऐकून माणसं घरात बसतात आणि त्यामुळेच तो आकडा खोटा ठरतो. मला मॉडेल, म्हणजे रोगाचं समीकरणांत मांडलेलं रूप, आवडतं ते वेगळ्या कारणासाठी. डोळ्यांना दिसणाऱ्या एकाच चित्रामागे अनेक कारणं असू शकतात. त्यातलं खरं कोणतं, याचा माग त्यातून काढता येतो.

एचआयव्हीचंच घे. लागण झाल्यावर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, रक्तातल्या विषाणूंची पातळीही फारशी हलत नाही. विषाणू सुस्तावलाय, असंच कुणालाही वाटेल. आता शाळेतल्या गणितातला तो हौद आठव. एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो. पातळी स्थिर असेल तर दोन्ही नळ बंद असतील, नाहीतर दोन्ही धो धो वाहत असतील. नुसतं बघून कळत नाही, एक नळ बंद करावा लागतो. १९९५ साली डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ या एचआयव्ही संशोधकांच्या गटांनी हेच केलं. नव्या औषधांनी विषाणूची वाढ रोखली आणि पातळी किती झपाट्याने घसरते ते मोजलं. होंच्या जोडीला अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे ॲलन पेरेल्सन होते, समीकरणांचा माणूस. पुढच्या वर्षी त्यांचा हिशेब आला: रक्तातले विषाणू सुमारे सहा तासांत निम्मे होतात आणि शरीरात रोज निदान हजार कोटी नवे तयार होतात. सुस्तावलाय कसला!

औषधयोजनेला या आकड्याने मोठं बळ दिलं. विषाणूची जनुकीय संहिता जेमतेम दहा हजार अक्षरांची, आणि तिची नक्कल करताना चुका होतातच. रोज एवढ्या प्रती निघत असतील तर कुठलंही एक अक्षर बदललेला विषाणू रोजच जन्मत असणार. एकच औषध दिलं, तर त्याला दाद न देणारा कुणीतरी आधीच तयार असतो. तीन औषधं एकदम दिली, तर तिन्हींना चुकवणारे बदल एकाच विषाणूत जुळून येणं मात्र फार अवघड. तीन औषधं एकत्र का, याचं उत्तर बरंचसं या हिशेबात आहे.

आता तुझ्या बाजूचं उदाहरण मीच देतो. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी साथींच्या गणितावर एक निबंध लिहिला. आजची बहुतेक मॉडेलं त्याचीच नातवंडं. (केरमॅकची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. समीकरणं डोक्यात!) साथ ओसरायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. एक रुग्ण सरासरी दोघांना रोग देत असेल, तर निम्म्या लोकांना लागण झाली की साथ उतरणीला लागते. पडताळ्याला त्यांनी मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे मृत्यू घेतले. समीकरणाचा वक्र त्या आकड्यांवर झकास बसला. पण समीकरण होतं माणसाकडून माणसाला होणाऱ्या लागणीचं, प्लेग पसरत होता उंदीर आणि पिसवांमुळे, आणि तो दरवर्षी उन्हाळ्यात ओसरायचाच. उंदरांचं त्यांनी स्वतःच नमूद केलं होतं. ती सुंदर आकृती मात्र पुढे एकटीच फिरत राहिली. आलेख जुळला म्हणजे कारण सापडलं, असं मानणारा माणूस भेटला की मी ही आकृती त्याच्यापुढे ठेवतो.

पेरेल्सनही यातून सुटले नाहीत. १९९७ साली त्यांच्या गटाने हिशेब मांडला, की औषधं पूर्ण प्रभावी असतील तर दोन-तीन वर्षांत विषाणू शरीरातून हद्दपार होऊ शकेल. अट स्पष्ट होती: कुठे न दिसणारा साठा दडलेला नसावा. तो होता. काही पेशींत विषाणू निपचित पडून राहतो, आणि या पेशी निम्म्या व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, असं १९९९ साली मोजलं गेलं. त्या वेगाने साठा संपायला साठ वर्षं. म्हणून गोळ्या थांबवता येत नाहीत.

बाकी भेटीत बोलू.

तुझा,
अनिल

ता. क. रोनाल्ड रॉस राहिलेच. मलेरिया डासांतून पसरतो हे दाखवल्यावर त्यांनी गणिताने मांडलं, की सगळे डास मारायची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरे. पुढच्या पत्रात सविस्तर.