मुद्राचित्र ठरवताना आधी प्लेट बघा

महोदय,

एका कलाप्रदर्शनाच्या मुद्राचित्र विभागासाठी, म्हणजे प्लेट किंवा ठोकळ्यावरून कागदावर छाप घेतलेल्या चित्रांच्या विभागासाठी, मी नेलेले चित्र यंदा टेबलावरूनच परत मिळाले. कारण तोंडी सांगण्यात आले : ‘हे कॉम्प्युटरचे काम आहे, प्रिंटरवर काढलेली चित्रे आम्ही घेत नाही.’ नियमाशी माझे भांडण नाही. इंकजेटमधून निघालेला कागद चौकटीत घालून कोणी मुद्राचित्र म्हणून आणला, तर मीही तो परत पाठवीन. पण माझ्या चित्राचा कागद प्रिंटरमध्ये गेलेलाच नव्हता. ते फोटोग्रॅव्ह्युअर होते, म्हणजे फोटोवरून प्लेटवर खळगे करून, त्यांत शाई भरून दाबाने घेतलेला छाप. हे समजावून सांगेपर्यंत माझ्यामागचा उमेदवार पुढे सरकला होता, म्हणून या पत्राचा खटाटोप.

मी पिढीजात छापखानेवाला. वडिलांनी म्हापशात खिळे जुळवून, ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छापयंत्रावर) लग्नपत्रिका छापल्या. आता खिळे गेले, पण पत्रिकेवर दाबाची अक्षरे हवीत असे म्हणणारी गिऱ्हाइके परत येऊ लागली आहेत आणि त्यांच्यासाठी आम्ही फोटोपॉलिमर प्लेट वापरतो. पोलादी पत्रा, त्यावर उजेडाने कडक होणारा प्लॅस्टिकसारखा थर. पत्रिकेसाठी प्लेटचा उंच राहिलेला भाग छापतो. फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये नेमके उलटे, शाई खळग्यात बसते. म्हणून पत्रिकेला निगेटिव्ह (काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल झालेली फिल्म) लागते आणि फोटोग्रॅव्ह्युअरला पॉझिटिव्ह (मूळ छटांची).

परत आलेले चित्र चवथीच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीचे आहे. वर माळ्याचा अंधार, खाली समईच्या उजेडात सुपारीचे घोस, तवशी (काकड्या), नारळ. हा फोटो कृष्णधवल करून इंकजेटवर पारदर्शक फिल्मवर काढला. प्रिंटरचे काम तिथेच संपले. पुढे प्लेटला अतिनील प्रकाश दोनदा दिला : एकदा अतिबारीक, विस्कळीत ठिपक्यांच्या स्क्रीनमधून आणि एकदा त्या फिल्ममधून. उजेड लागला तो भाग कडक झाला, फिल्मवरच्या काळ्या शाईआड राहिलेला मऊच राहिला. मग साधे पाणी आणि मऊ ब्रश. मऊ भाग धुऊन निघतो, त्याचे खळगे होतात. जितका खळगा खोल तितकी शाई जास्त आणि छाप तितका काळा. प्लेट टिपून, वाळवून पुन्हा उजेडात धरली की पक्की होते.

यातली मेख त्या स्क्रीनमध्ये आहे. ती वगळली, तर माळ्याच्या अंधाराचा एकच पसरट खड्डा होतो. शाई पुसताना कापड त्याच्या तळापर्यंत पोचते, शाई उचलून नेते, आणि जिथे गडद काळोख हवा तिथेच मधोमध फिक्कट डाग पडतो. स्क्रीनमुळे त्या खड्ड्यात बारीक बारीक खांब उभे राहतात, कापड त्यांच्यावरून फिरते आणि शाई खाली टिकते. समईजवळच्या सुपाऱ्यांची गोलाई तर आणखी नाजूक. फिल्मवर किती शाई पडली की प्लेटवर किती खोली येते, याचा हिशेब प्रत्येक प्रिंटरचा वेगळा. राखाडी पट्ट्या छापून तो बसवावा लागतो. हे एका बटणाचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी जुलै महिन्यात माझ्याकडे यावे. आमच्या पावसाळी हवेत प्लेट पापडासारखी सादळते, फिल्म तिला चिकटून बसते आणि टाल्कम पावडर भुरभुरल्याशिवाय सुटत नाही.

त्यानंतर सगळी हातमेहनत. घट्ट शाई पुठ्ठ्याच्या तुकड्याने खळग्यांत भरायची, जाळीदार कापडाने गोल गोल पुसायची, शेवटचा हात पातळ कागदाने. (तुमच्या अंकाची शाई बोटांना लागते, रागावू नका, टेलिफोन डिरेक्टरीची जुनी पाने याला उत्तम.) सुती कागद भिजवून टिपून घ्यायचा, प्लेटवर ठेवायचा आणि वर फेल्ट (जाड लोकरी कापड) घालून दोन रुळांमधून काढायचा.

आता राहिला प्रिंटरचा विटाळ. १८७९ साली व्हिएन्नात कारेल क्लिच याने तांब्याच्या प्लेटवर ही विद्या पक्की केली, तेव्हा राळेची पूड, जिलेटिनचा कागद आणि तांबे कोरणारे फेरिक क्लोराइड लागे. पण पॉझिटिव्ह प्रतिमा तेव्हाही लागेच. ती फोटोग्राफीने बनायची, आज इंकजेटने बनते, एवढाच फरक. भारताची ग्रॅव्ह्युअरने छापलेली पहिली टपाल तिकिटे १९५२ ची. नाशिकच्या छापखान्यातली, कबीर, मीरा, गालिब यांची. ज्यांच्याकडे असतील त्यांनी भिंगातून त्यातल्या छटा बघाव्यात. तीही कॅमेऱ्याच्या वाटेनेच प्लेटवर आली होती.

काही मंडळी फिल्मही गाळतात. प्लेटच प्रिंटरमधून काढतात, तिच्यावरची शाई उजेड अडवते आणि धुताना पाण्याबरोबर वाहून जाते. टेबलामागच्या गृहस्थांना ते सांगायचे धाडस मी केले नाही. पण माझ्या मते तेही मुद्राचित्रच, कारण कागदावर येणारी शाई प्लेटमधून आणि दाबाने येते. इथे छाननी प्लेटचीच व्हायला हवी.

तांब्याची बरोबरी पॉलिमर करतो असा माझा दावा नाही. तांबे घासून, घोटून चूक दुरुस्त करता येते. इथे बहुधा नवी प्लेटच घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते. ‘आम्लाशिवाय, म्हणजे निर्धोक’ हेही अर्धसत्य. कच्चा पॉलिमर कातडीला बाधू शकतो, हातमोजे हवेत, आणि ते धुवण बावीच्या कडेला ओतायचे नसते. शिवाय खोट्या मालाची भीती खरी आहे. इंकजेटच्या चित्राभोवती कोऱ्या पत्र्याचा दाब उठवून ते ग्रॅव्ह्युअर म्हणून खपवणे अवघड नाही, तेव्हा नुसत्या कडेच्या ठशावर विसंबू नये. भिंग घ्यावे. ग्रॅव्ह्युअरच्या गडद भागात शाईला किंचित उठाव असतो, इंकजेटची शाई सपाट फवारलेली दिसते. एकाच प्लेटचे दोन छाप शेजारी मागवावेत. हाताने पुसलेले असतील, तर बारीकसा फरक असणारच. आणि सरळ प्लेट दाखवा म्हणावे.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात उतरला, हे आपण दर भाषणात सांगतो. त्या गोव्यातल्या प्रदर्शनाच्या अर्जात मुद्राचित्रापुढे तीन रकाने मावायला हरकत नसावी : प्लेट कशाची, तिच्यावर प्रतिमा कशी उतरवली, छाप कोणत्या यंत्रावर घेतला. सोबत परीक्षणाच्या दिवशी प्लेट आणण्याची अट घालावी. मला ती जाचक वाटणार नाही. पुढच्या वर्षीचे अर्ज छापायला जाण्यापूर्वी आयोजकांनी एवढा बदल करावा. छापून हवे असतील तर म्हापशात मी आहेच.

आपला,
एक मुद्रक, म्हापसा