चाराण्याचं वजन

मिरज,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले आणि माझा एक फोन नाही. शिव्या एकरकमी दे, ऐकून घेतो. इकडे सगळे बरे. माझी शुगर आहे तिथेच आहे. आईला कमी ऐकू येतं, म्हणजे सोयीचं तेवढं ऐकू येतं.

पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहितोय. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच हसत सुटला असतास.

बाबांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून खाली काढला. बेल्टचं पार डांबर झालं होतं, दोन दिवस ते खरवडण्यात गेले. सुई झिजलेली, म्हणून ऑर्टोफोनचं टू एम रेड हे नवं काट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, मागवलं. त्याच्या सुईचा तबकडीवर १.८ ग्रॅम भार लागतो. म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, आर्मच्या, शेपटीवरचं ते गोल वजन फिरवणं आलं. तर ते फिरेना! इकडेही नाही, तिकडेही नाही. मी आपला जोर लावला, आणि पुढे बेअरिंगपाशी ‘टिक’ असा बारीक आवाज आला. सुध्या, पोटात गोळा आला रे. त्या सांध्यातले टोकदार पिन किती नाजूक असतात ते तुला ठाऊक आहे. वजन सोडवायच्या नादात आर्म कायमचा डुगडुगायला लागला तर आयुष्यभर स्वतःलाच बोल लावत बसायचं.

दुरुस्तीवाल्याने हातही न लावता सांगितलं, ‘अख्खा आर्म बदला.’ मग गेलो सतारमेकर गल्लीत. चाचा आता काम करत नाहीत, दारात बसून असतात. तुझी चौकशी केली, ‘तो वाद घालणारा’ म्हणून. म्हणाले, अडकलेली खुंटी सोडवताना आधी थोडी आवळायची, मग सोडायची. आणि घाई असलेल्या माणसाने हात लावायचा नाही. (हे शेवटचं माझ्याकडे बघून.)

घरी येऊन टेबललॅम्प जवळ ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि मागून नीट बघितलं. वजन आणि आटे यांच्या फटीत लाल काहीतरी. आधी गंज वाटला. टाचणीने उकरलं तर पापुद्रा निघाला, चकचकीत. नेलपॉलिश! ताईचं!

आता आठव. दिवाळीची सुट्टी, नवी बाटली गायब, ताईचं रडणं, आणि ‘त्या सुध्यानेच सायकलला लावलं असणार’. तू चार महिने आमच्या घरी फराळालासुद्धा आला नव्हतास.

ते बाबांनी लावलं होतं. आपण दोघं येता-जाता ते वजन फिरवायचो म्हणून त्यांनी ते सील करून टाकलं.

पण खरी गंमत पुढे आहे. वजन सोडवण्याआधी मी सुईखाली डिजिटल काटा ठेवून भार मोजून घेतला होता, जुनं काट्रिज जागेवरच होतं. वजनावरच्या आकड्यांच्या रिंगवर दीड. काट्यावर ३.४. तीनदा मोजलं. काटा तबकडीच्या उंचीलाच आहे ना, तेही पाहिलं. ३.४च.

आपलं भांडण आठवतंय ना? मन्सूरअण्णांच्या एलपीवर सुई उडायची आणि तू हेडशेलवर, म्हणजे सुईच्या बरोबर वर आर्मच्या टोकाला, चाराणे ठेवायचास, ते गेंड्याचं. मी ओरडायचो की कंपनीच्या कागदावर दीड ग्रॅम लिहिलंय, रिंगवर दीड आहे, तुझ्या चाराण्याने तबकडी खरवडली जाणार. तीस वर्षं चारचौघांत तुझी ही गोष्ट सांगत आलो. तुझ्या लग्नातसुद्धा सांगितली.

आणि आता कळतंय की गाढव मी होतो. ती आकड्यांची रिंग वजनावर वेगळी फिरते. आधी आर्म हवेत तरंगता समतोल करायचा, तिथे रिंग शून्यावर आणायची, मग रिंग आणि वजन मिळून फिरवायचं. मी नुसती रिंग फिरवत होतो. आकडा दीडवर, वजन होतं तिथेच. भार कमी पडला की सुई खोबणीत धड बसत नाही, भिंतींवर आपटत जाते, आणि त्यानेही तबकडीची वाट लागते. देवघरातल्या वाटीत ते चाराणे सापडलं, त्याच काट्यावर ठेवलं: २.८३. तू ३.४ मधून २.८३ वजा कर. अर्ध्या ग्रॅमला थोडं वर उरतं. तो माझा ‘दीड ग्रॅम’!

म्हणजे बाबांनी काय केलं असेल? तुझ्या चाराण्याइतका भार वजन पुढे सरकवून भरला, आणि मग रिंग तेवढी मागे फिरवून माझ्या दीडवर आणून ठेवली. माझ्यासमोर कायम म्हणायचे, ‘तुझं बरोबर आहे, कागदात तसंच आहे.’ मला हे कुणाला सांगावं कळेना. बायको म्हणाली, ‘बरं मग?’

३.४ त्या काट्रिजला जास्तच होतं, हेही लिहून ठेवतो, फार उडू नकोस.

शेवटी सुटलं. लाल सगळं टाचणीने काढलं, आट्यांत स्पिरिटचा एकेक थेंब, वरून हेअर ड्रायर अगदी मंद. डाव्या हाताने आर्मची शेपटी घट्ट धरली म्हणजे पीळ बेअरिंगवर जात नाही, उजव्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आधी केसभर आवळलं. मग सोडलं. करकरत अर्धा फेरा गेलं आणि आतून काळं, मेणासारखं झालेलं ग्रीस बाहेर आलं. आर्म तरंगतो, डुगडुगत नाही. पण ती ‘टिक’ डोक्यातून जात नाही. रोज सकाळी उठून आधी आर्म हलवून बघतो. तू आलास की तुझ्या हाताने एकदा बघ. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हेही आज कबूल.

सई बारावीला ना यंदा? तिला म्हणावं, अकाउंट्स सोडू नकोस. तुझ्या बदलीचं काय झालं, लिही.

लाल पापुद्रा काडेपेटीत ठेवलाय. ताईला अजून सांगितलेलं नाही. आळ तुझ्यावर होता, फोन तूच कर.

तुझा,
बाळ्या