परळीच्या चाचांना, त्या कंडेन्सरबद्दल

चाचा, सलाम.

मराठी वाचायचा तुम्हाला कंटाळा, तेव्हा हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. गेल्या वर्षी मे महिन्यात परळीहून अंबाजोगाईकडे चढताना घाटात बंद पडलेली पांढरी पद्मिनी आठवते? 1984 ची, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली. मागच्या सीटवर डोक्यावर टॉवेल घेतलेले आमचे दादा. ती गाडी माझी.

दोन उन्हाळे तिनं छळलं होतं. पावसाळ्यात, थंडीत गुमान चालायची. ऊन तापलं की तासाभरात मान टाकायची. दोन गॅरेजांत दाखवली. एकानं कार्बोरेटरचं किट बदललं, दुसऱ्यानं इंजिनाचा पेट्रोल पंप. (त्या पंपाचं बिल मला अजून टोचतं.) शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की उन्हानं पेट्रोलची वाफ धरते आणि इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. पद्मिनी म्हणजे मूळची फियाटच, आणि जुन्या फियाटींना तो त्रास असतोच, त्यामुळे पटलंही. पंपावर ओलं फडकं टाकायचं, वीस मिनिटं थांबायचं, गाडी सुरू. गुण यायचा, मग रोग दुसराच असेल असं कुणाच्या डोक्यात येणार?

तुम्ही स्कूटरवरून आलात, बॉनेट उघडलं आणि पान्याला हातच लावला नाही. आधी विचारलंत, "सांगून बंद पडती का न सांगता?" मला कळेना. मग तुम्ही फोड केलीत: पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू ओढ सोडते, कुरकुर करत थांबते. करंटची भानगड असली की चांगली पळता पळता ठसका, सायलेन्सरमध्ये फटाका, खेळ खलास. दादा मागून ओरडले, "फटाका! दर वेळी फटाका!" दोन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तरी तुम्ही ऐकीव गोष्टीवर थांबला नाहीत. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली, मला स्टार्टर मारायला लावलात. पेट्रोल पिचकारीसारखं आलं. मग प्लगच्या वायरची ठिणगी बघितलीत: बारीक, पिवळट. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून स्क्रूड्रायव्हरनं पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन टोक) उघडलेत, तर तिथं मात्र चांगली जाड ठिणगी. "जिथं पडाय पाहिजे तिथं पडना, नको तिथं पडतीय," म्हणालात.

पॉइंट उघडताना त्यांना जोडलेला कंडेन्सर तो झटका पोटात घेतो, म्हणून ठिणगीचा जोर तयार करणाऱ्या कॉइलचा करंट एका क्षणात तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. आमचा कंडेन्सर तापला की फुटका व्हायचा, गार झाला की पुन्हा शहाणा. म्हणजे ओल्या फडक्याचा गुण फडक्याचा नव्हताच! पंप गार करत आम्ही बसायचो आणि त्या वीस मिनिटांत शेजारी कंडेन्सर आपोआप निवायचा. हे ऐकून दादा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

माझ्या डिकीतल्या नव्याकोऱ्या कंडेन्सरकडे तुम्ही बघितलंही नाहीत. पत्र्याच्या डबीतून जुना काढलात: "नवे टिकत नाहीत, ह्यो टिकंल." जळलेले पॉइंट घासलेत, 0.45 मिलिमीटर जाडीचं पातं घालून त्यांच्यातला गॅप धरला, बल्ब लावून ठिणगीचं टायमिंग जुळवलंत. मागच्यांनी मिक्श्चरमध्ये हवेच्या मानानं पेट्रोल भलतंच वाढवून ठेवलं होतं. तुम्ही स्क्रू आवळत गेलात, इंजिन थरथरलं तसा सोडत आलात, आवाज गुळगुळीत लागला तिथं थांबलात. मीटर नाही, नुसता कान. मी घरी तसं करून बघितलं. मला थरथर तेवढी जमली.

पैसे फक्त तीनशे घेतलेत. आंबे मात्र निवडून घेतलेत, ते बरं केलंत.

परवा बीडहून परत येताना ऊन 42 अंश होतं. मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो तसा दादांनी सवयीनं टॉवेल भिजवून मांडीवर घेतला. वर पोचलो. एक ठसका नाही. दादांनी टॉवेल पिळला आणि स्वतःचं तोंड पुसलं.

पुढच्या महिन्यात टॅपेट (वॉल्व्हची फट) सेट करायला आणतो. आंबे बरोबर असतील.

तुमचा,
पांढऱ्या पद्मिनीवाला, लातूर