क्युबिटच्या संख्येबरोबर नॉइजही छापा

संपादक महोदय,

क्वांटम संगणकाच्या बातम्यांत क्युबिटची (त्या संगणकातील माहितीच्या मूलभूत एककांची) संख्या ठळक छापली जाते. उष्णता आणि भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रांच्या नॉइजपुढे, म्हणजे अडथळ्यांपुढे, क्युबिटमधील एन्टँगलमेंट (त्यांच्या अवस्था एकमेकींशी क्वांटम पद्धतीने जोडलेल्या असणे) कितपत टिकते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. भौतिकशास्त्रज्ञ वर्नर यांनी १९८९ मध्ये अभ्यासलेल्या अवस्थांपैकी दोन क्युबिटच्या अवस्थेत शुद्ध, पूर्ण एन्टँगल्ड घटकाचा वाटा (बाकीचा नॉइज) एक तृतीयांशाहून अधिक असेपर्यंत एन्टँगलमेंट उरते, परंतु बेल चाचणीतील (क्युबिटमधील संबंध केवळ स्थानिक कारणांनी समजावता येतात का, हे पाहणाऱ्या चाचणीतील) परिचित सीएचएसएच असमानतेचा, म्हणजे अशा कारणांच्या मर्यादेचा, भंग होण्यासाठी तो सुमारे ७१ टक्क्यांहून अधिक लागतो, म्हणजे नॉइज वाढत गेला की त्या चाचणीत नॉनलोकॅलिटी (स्थानिक कारणांनी न समजणारा संबंध) एन्टँगलमेंटच्या आधी दिसेनाशी होते. अनेक क्युबिटची जीएचझेड अवस्था (सर्व क्युबिट एकत्र ‘शून्य’ आणि एकत्र ‘एक’ यांचे मिश्रण असलेली एन्टँगल्ड अवस्था) तर फारच नाजूक: एक क्युबिट गमावला की उरलेल्यांतील एन्टँगलमेंट पूर्ण संपते; डब्ल्यू नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या एन्टँगल्ड अवस्थेत (हे मला विशेष मोलाचे वाटते) ते काही अंशी तग धरते. म्हणून संख्येसोबत नॉइजमुळे होणाऱ्या त्रुटींचा दरही अवश्य द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक