अजून पैसे भरू नकोस

मनू,

पोचल्याचा नुसता अंगठा पाठवलास, म्हणून हे लिहितेय. काल रात्री मी जरा जास्तच बोलले. पप्पा पण म्हणाले, अगं पोरगी शिकायचंच म्हणतेय ना. पटतं मला. पण तू द्वारकेवर गाडीत बसताना वळून पण बघितलं नाहीस, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

तू पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाच्या हाताखालचं काम शिक, माझी ना नाहीच. फक्त त्या क्लासचे 52 हजार एवढ्यात भरू नकोस.

दादाच्या वेळेस काय झालं आठवतंय ना? क्लासचे पैसे रोख भरले, चार महिन्यांनी जाऊन बघतो तर शटरला कुलूप. त्यांची ती गुलाबी पावती अजून आजीच्या ट्रंकेत आहे, ना शिक्का ना नंबर, नुसती कोणाची तरी सही. दादा नंतर वर्षभर शिक्षणाचं नावच काढत नव्हता. मला पैशांपेक्षा त्याची भीती वाटते गं.

त्या क्लासच्या बाईंना एवढंच विचार, सर्टिफिकेट कोणत्या विद्यापीठाचं? नाव सांगितलं की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साइटवर ते आहे का स्वतः बघ, त्यांनी दाखवलेल्या फोटोवर जाऊ नकोस. इग्नूचा, त्या सरकारी मुक्त विद्यापीठाचा, पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा आहे, बारावीवर होतो, कमीत कमी एक वर्षाचा. त्यांचं प्रादेशिक केंद्र तुमच्या पुण्यातच आहे, आधी तिथे जाऊन विचार. आणि शंभर टक्के नोकरी म्हणतात ना, तर मागच्या बॅचच्या मुली कुठल्या वकिलाकडे लागल्यात ते विचार आणि त्यांच्याशी तू स्वतः बोल. पॅरालीगलचं आपल्याकडे काही लायसन नसतं, वकील काम बघूनच ठेवतात. कोर्टात वकील म्हणून उभं राहायचं तर एलएलबी करून वकिलीची सनदच घ्यावी लागते. सरकारी काम मिळेल असं पण म्हणाल्या ना त्या? ते विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक असतात, ते ट्रेनिंग फुकट असतं आणि मानधन मिळतं, पगार नाही. आपल्या नाशिकच्या सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टात जाऊन मी स्वतः विचारून आले, काल हे सांगायचंच होतं पण आवाज चढला माझा.

बघ, परत लेक्चर सुरू झालं. सॉरी.

तिथे बाकावर बसले होते तर दिंडोरीच्या जमिनीची केस आठवली. आजीला नोटीस आली होती, घरात कोणाला धड कळेना, तू चौथीत होतीस आणि बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलीस, "हजर न राहिल्यास" म्हणून थांबलीस आणि विचारलंस, आजीला पकडून नेणार का? मग वकिलांच्या कारकुनाने आम्हाला सातबारा, फेरफार, सगळं एकेक कागद लावून समजावलं, वकीलसाहेबांना तेवढा वेळच नव्हता. आजी त्या माणसाला दर दिवाळीला फराळ पाठवायची. आपल्या घरातलं माणूस कोर्टात गेलं ते तारखेलाच, खाली मान घालून. तू तिथे काम करणार म्हटल्यावर मी काल भांडले खरी पण दुपारीच शेजारच्या काकूंना सांगून आले होते.

म्हणून म्हणते, नीट ठिकाणी शिक. शिकवायला कोर्टात जाणारे वकील आहेत का बघ, नोटीस, प्रतिज्ञापत्र स्वतःच्या हाताने लिहून घेतात का नुसत्या नोट्स देतात. एक तास बसू द्या म्हण त्यांच्या वर्गात. बसू देत नसतील तर काय समजायचं ते तुला कळतं. फी परत कधी मिळेल ते लेखी घे, आणि रोख तर अजिबात नको. पैशांची काळजी करू नकोस, पोस्टातली आरडी पुढच्या महिन्यात सुटतेय, ती तुझ्यासाठीच आहे.

लाडूचा डबा बॅगेत खाली आहे, कपड्यांच्या आत.

आणि दोनच सीट उरल्यात म्हणून ती बाई आज परत फोन करेल, तर आईला विचारल्याशिवाय नाही भरत असं सरळ सांग. माझं नाव पुढे कर, मला चालेल.

आई