कळसूबाईला ‘एव्हरेस्ट’ कशाला?

पावसाळा जवळ आला की पुण्यात ट्रेकच्या जाहिरातींचा सुकाळ होतो आणि त्यात कळसूबाई हमखास ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणून झळकते. १६४६ मीटर उंचीचे, राज्यातले सर्वोच्च शिखर हे; त्याला उसने बिरुद कशाला?

मुळात एव्हरेस्ट हे नावही उसनेच. सर्वेक्षण खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या गणितातून १८५२ च्या सुमारास ‘पंधरावे शिखर’ (खात्याने त्याला दिलेला क्रमांक) जगात सर्वांत उंच ठरले. सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये त्याला आपल्या आधीच्या साहेबांचे नाव सुचवले. खुद्द जॉर्ज एव्हरेस्ट यांचाच त्याला आक्षेप होता, हे नाव इथल्या लोकांच्या तोंडी बसणार नाही म्हणून! तरीही १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते कायम केले. तिबेटी लोकांचे ‘चोमोलुंग्मा’ बाजूलाच राहिले.

आपल्याकडे तर नाव जागेवर शाबूत आहे. केर-भांडी करणार नाही, या अटीवर कामाला राहिलेली कळसू. ती कामे गळ्यात पडताच डोंगरावर निघून गेली, असे पायथ्याच्या बारी गावाकडे सांगतात. माथ्यावर तिचे छोटेसे देऊळ आहे. अशी मानी बाई सोडून इंग्रज साहेबाचे नाव मिरवण्यात काय मोठेपणा?

जाहिरातीत ‘कळसूबाई, बारी, तालुका अकोले’ एवढे छापले तरी पुरे. निदान डोंगर नेमका कुठे आहे, हे तरी बसमध्ये बसणाऱ्याला कळेल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे