आम्ही की आपण?

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालास, अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न पाठ झाले आहेत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा आणि संविधान १७८७ चे, एवढे आले की इतिहासाचे काम भागते. तीस वर्षे वर्गात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलेल्या तुझ्या आईला ते ‘भागते’ काही पचले नाही. ज्या देशाची शपथ तू पुढच्या महिन्यात घेणार आहेस, तो देश १७७६ साली जन्मला असे आपण म्हणतो खरे, पण त्या वर्षी स्वतःला आधी ‘अमेरिकन’ म्हणवणारी माणसे शोधावीच लागली असती.

१७८३ च्या पॅरिसच्या तहाने इंग्लंडने स्वातंत्र्य मान्य केले, तेव्हा तिथे होती ती तेरा राज्ये, प्रत्येकाचा कारभार वेगळा आणि प्रत्येकाला शेजारच्याचा संशय. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा थॉमस जेफरसन पत्रांत ‘माझा देश’ असे लिहीत असे, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनात व्हर्जिनिया असे. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी मनात आले तर द्यायचे, अशी व्यवस्था होती. १७८६ साली पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी जप्तीचे दावे चालू नयेत म्हणून न्यायालये बंद पाडली. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला अधिकारी होता. हे बंड मोडायला केंद्राकडे ना पैसा होता ना फौज, म्हणून बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून राज्याची शिबंदी उभी केली. पुढाऱ्यांनी हाय खाल्ली ती तेव्हा.

त्या धास्तीतच मे १७८७ मध्ये, जिच्यातून संविधान निघाले ती फिलाडेल्फियाची सभा भरली. तू राहतोस तिथून ते सभागृह तासाभराच्या अंतरावर आहे आणि तू ते अजून पाहिलेले नाहीस, हे मी विसरलेले नाही. पंचावन्न प्रतिनिधी येऊन गेले, शेवटी सह्या केल्या एकोणचाळीस जणांनी, आणि ऱ्होड आयलंडने तर माणूसच पाठवला नाही. ऑगस्टमध्ये जो मसुदा छापून वाटला गेला, त्याची सुरुवात अशी होती: आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड... असे करत तेराही राज्यांची नावे आणि मग ‘या राज्यांचे लोक’. सप्टेंबरमध्ये भाषा तासण्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली, तिच्यातल्या गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे) ती तेरा नावे काढून टाकली आणि तिथे ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’ एवढेच ठेवले. याला व्यवहारी कारणही होते. नऊ राज्यांनी मान्यता दिली की संविधान लागू व्हायचे होते. ती नऊ कोणती असतील हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि जे राज्य दारातही आले नव्हते त्याचे नाव कागदावर कसे ठेवायचे? एका अडचणीतून सुटण्यासाठी केलेली ही खाडाखोड, पण तिने राज्यांना बाजूला सारून लोकांना कर्ता केले. हे ज्यांच्या लक्षात आले त्यांत व्हर्जिनियाचा पॅट्रिक हेन्री होता. ‘आम्ही राज्ये’ असे न म्हणता ‘आम्ही लोक’ असे म्हणण्याचा अधिकार यांना दिला कोणी, असे त्याने १७८८ साली भर सभेत विचारले. व्हर्जिनियाने मान्यता दिली ती ८९ विरुद्ध ७९ मतांनी. ऱ्होड आयलंड आले १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ ने, म्हणजे दोन मतांच्या काठावर.

‘आम्ही, भारताचे लोक’ हे मी वर्षानुवर्षे मुलांकडून म्हणून घेतले, पण निवृत्तीनंतर एका दुपारी ते पुन्हा वाचताना जे सुचले ते वर्गात कधी सुचले नव्हते. इंग्रजीत एकच ‘वुई’ आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. फिलाडेल्फियाच्या त्या शब्दाचे भाषांतर करायचे तर तो ‘आम्ही’च होता. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोक मोजले गेले, त्यांतले जवळजवळ सात लाख गुलाम होते. त्यांना मत नव्हते, पण त्यांच्या मालकांच्या राज्यांना प्रतिनिधिगृहात जागा किती मिळाव्यात याचा हिशेब करताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरायची, असे त्याच संविधानात लिहिले होते. मूळ रहिवाशांच्या जमातींना तर या हिशेबातही धरले नव्हते. ही गुलामी यादवी युद्धानंतर कायद्याने संपली, तेव्हा आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी त्यासाठी झीज सोसली, हे तुला शाळेत सांगितले होते. आठवत नसेल तर पुन्हा सांगते.

पहिल्या वर्षांत क्षुल्लक गोष्टींवरूनही रणे माजली. अध्यक्षाला हाक काय मारायची यावर १७८९ साली सिनेटने कित्येक दिवस घालवले. उपाध्यक्ष जॉन ॲडम्सला ‘महाराज’ छापाची लांबलचक पदवी हवी होती, आणि प्रतिनिधिगृहाने ती मोडीत काढून नुसते ‘अध्यक्ष’ ठेवले. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनची चाल मात्र खोल होती. राज्यांची युद्धकर्जे केंद्राने अंगावर घ्यावीत, म्हणजे सावकार मंडळी आपल्या पैशासाठी तरी केंद्र टिकावे असे म्हणतील, हे त्याचे गणित होते. दक्षिणेचा विरोध निवळावा म्हणून १७९० मध्ये जेफरसनच्या घरी जेवणाच्या पंक्तीला सौदा ठरला आणि राजधानी पोटोमॅक नदीकाठी गेली. कर्जाच्या वहीने देश शिवला गेला असे मी म्हटले तर तुझे बाबा हसतात, कारण त्यांची सारी नोकरी बँकेत गेली.

मला सर्वांत मोलाची वाटतात ती १७९८ ते १८०१ ही वर्षे. पक्ष नकोतच असे म्हणता म्हणता ॲडम्सचा फेडरलिस्ट आणि जेफरसनचा रिपब्लिकन असे दोन पक्ष उभे राहिले होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला देशद्रोही समजत होता. ॲडम्स अध्यक्ष असताना सरकारवर द्वेषमूलक टीका करणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. व्हरमाँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याला त्याखाली चार महिन्यांची कैद आणि एक हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. पुढे १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा ॲरन बर यांना निर्वाचकांची सारखी, ७३-७३ मते पडली. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तिथे छत्तिसाव्या फेरीत जेफरसन अध्यक्ष ठरला. ४ मार्च १८०१ ला पहाटेच, शपथविधीला न थांबता, ॲडम्स राजधानीतून निघून गेला. रुसून गेला म्हण हवे तर, पण गेला. सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली आणि गोळी झडली नाही. त्या दिवशीच्या भाषणात जेफरसन म्हणाला की आपण सारे रिपब्लिकन आहोत, आपण सारे फेडरलिस्ट आहोत. इथे मात्र मी ‘आपण’ असेच भाषांतर करीन.

स्वतःच्या घरात जे ठरत नाही ते कधी कधी परक्याच्या नजरेत आधी ठरते. १८१२ मध्ये इंग्लंडशी पुन्हा युद्ध जुंपले, तेव्हा न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, त्या युद्धाविरुद्ध इतका राग होता की पुढे १८१४ च्या अखेरीस हार्टफर्डला वेगळी परिषदच भरली. हे युद्ध चालू असतानाच, फेब्रुवारी १८१३ मध्ये, न्यू इंग्लंडचेच दोन मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, आपल्या मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते शत्रुराष्ट्राची माणसे म्हणूनही खुपले आणि त्यांना परत धाडण्याचे हुकूम निघाले; अखेर ते राहिले आणि मराठी शिकले. मायदेशी युद्धाच्या बाजूचे की विरोधातले, हे मुंबईच्या बंदरात कोणी विचारत नव्हते. इथे ते सरळ अमेरिकन होते.

तुझ्या मेलमध्ये ‘कलर’ आणि ‘ऑनर’ या शब्दांतले ‘यू’ हे अक्षर कित्येक वर्षांपासून गायब आहे. पूर्वी मी ती चूक समजून मनातल्या मनात लाल शाई ओढत असे. त्यामागे नोआ वेब्स्टर नावाचा शाळामास्तर आहे. १७८३ पासून त्याची स्पेलिंगची पुस्तके घरोघरी गेली आणि १८२८ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने सुमारे सत्तर हजार शब्दांचा कोश काढला. इंग्लंडपासून सुटलेल्या लोकांनी लिहावे तेही आपल्या पद्धतीने, हा त्याचा हट्ट होता.

आता तुझ्यापुरते सांगते. नागरिकत्व कोणाला द्यायचे याचा पहिला अमेरिकन कायदा मार्च १७९० चा. दोन वर्षे वास्तव्य, चांगली वर्तणूक, आणि अर्जदार ‘स्वतंत्र गोरी व्यक्ती’ असावी, एवढ्या त्याच्या अटी होत्या. ही शेवटची अट १९२३ मध्येही जिवंत होती. अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे नागरिकत्व नाकारले. भारतीयांना ते दार उघडले १९४६ साली, आणि तेही वर्षाला शंभर जणांचा कोटा ठरवून. तुझ्या आजोबांचा जन्म त्याआधीचा आहे.

तुझा निळा पासपोर्ट आता रद्द होणार, म्हणून बाबा दोन दिवस फारसे बोलले नाहीत. काल मात्र नकाशाचे पुस्तक काढून फिलाडेल्फिया कुठे आहे ते पाहत बसले होते. शपथेच्या आधी एकदा तिथे जाऊन ये. समारंभ आटोपला की फोन कर. इथे मध्यरात्र असली तरी चालेल. मी झोपले असेन, बाबा जागे असतील.

तुझी,
आई